ताट आणि चाल

तोरण्याच्या पायथ्याशी, वेल्हे भागातल्या एका गावात आमचा वाचनाचा वर्ग भरतो. या तालुक्याला आता राजगड तालुका म्हणतात. पण जुन्या माणसांच्या तोंडी अजून वेल्हे हेच नाव आहे. वर्गाला पंधरा-वीस माणसे येतात. त्यांत एक तात्या आहेत. वय पंचावन्न. अंगाने भरलेले, पोट पुढे आलेले. मांडी घालून बसले की उठताना कोणाचा तरी हात धरावा लागतो. चार वर्षांपासून त्यांना साखरेचा आजार आहे. डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत.

मागच्या पावसाळ्यात तात्या तीन दिवस वर्गाला आले नाहीत. चौथ्या दिवशी आले, ते काकूंना बरोबर घेऊनच. काकूंचा चेहरा उतरला होता.

“विचारा यांना, काय करून बसलेत ते!” काकू म्हणाल्या.

तात्या ओशाळे हसले. म्हणाले, “पुण्याचा पुतण्या आला होता. चार महिन्यांत नऊ किलो उतरलाय. त्याला विचारलं, तर म्हणाला, भाकरी बंद, भात बंद, गूळ-साखर बंद. अंडी, पनीर, तूप, पालेभाजी एवढंच खायचं. त्याला कीटो म्हणत्यात. आणि सकाळी जोरात पळायचं, थांबायचं, परत जोरात पळायचं. म्हटलं, आपणबी करून बघावं.”

तात्यांनी भाकरी सोडली. गोळी मात्र रोजच्यासारखी घेतली. तिसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी चढाच्या वाटेने पळत निघाले. अर्ध्या वाटेत हातपाय कापू लागले. घामाने सदरा भिजला. डोळ्यांपुढे अंधारी आली. बांधावर बसले ते उठेनात. शेजारच्या खाचरात एक आत्या लावणी करत होत्या. त्या धावत आल्या. तात्या शुद्धीवर होते, हाकेला ओ देत होते. आत्यांच्या न्याहारीच्या फडक्यात गुळाचा खडा होता. तो त्यांनी तात्यांना चघळायला दिला. थोड्या वेळाने तात्या सावध झाले.

“गुळानं वाचलो, आणि गूळच खाऊ नका म्हणत्यात!” तात्या म्हणाले. “आता तुम्हीच सांगा. पुतण्या खरा का खोटा?”

पुतण्या खोटा नव्हता. पण त्याचे ताट आणि त्याची चाल तात्यांना जशीच्या तशी लागू नव्हती. असे का, ते या धड्यात पाहू.

कष्ट गेले, ताट राहिले

भोर आणि वेल्हे हा मावळचा मुलूख. पाऊस मोठा, खाचरे लहान, वाटा चढ-उताराच्या. खाचरात भात आणि वरकस जमिनीत नाचणी-वरी. आपल्या आजी-आजोबांचा दिवस आठवून पाहा. बाया पहाटे जात्यावर दळत. भात उखळात कांडत. पाणी डोक्यावरून आणत. पुरुष दिवसभर चिखलात औतामागे चालत. लाकडाचा भारा घेऊन डोंगर उतरत. बाजाराला पायी जात, पायी येत. अशा माणसाला तीन भाकऱ्या आणि वर भात लागतच असे. खाल्लेले सारे कामात जिरत असे.

आता दळण गिरणीत जाते. पाणी पुष्कळ घरांत नळाने येते. खाचरात यंत्र फिरते. बाजाराला मोटारसायकल आहे. कोणी कंपनीत पहारेकरी आहे. कोणी गाडी चालवतो. कोणी भोरच्या पेठेत दिवसभर गल्ल्यावर बसतो. कष्ट कमी झाले, हे चांगलेच झाले. त्या कष्टांनी किती बायांच्या कमरा मोडल्या, ते आपल्याला ठाऊक आहे.

पण कष्ट गेले तरी ताट तेच राहिले. उलट त्यात भर पडली. दिवसात चार चहा आले. चहाबरोबर बिस्किटे, खारी, बटर आले. नाक्यावर वडापाव आला. पाहुण्यांसाठी गोड पाण्याची बाटली आली. शेतात नेमका आहे तेवढाच खर्च आणि घरात धान्य दुप्पट, तर कणगी भरून वाहणारच. माणसाच्या अंगाचेही तेच होते. उरलेले धान्य पोटावर साठते.

सुतळीचे माप

“मी काही जाडा नाही. मला कसली भीती?” असे पुष्कळ जण म्हणतात. त्यांनी पुढची गोष्ट वाचावी.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी साखरेच्या आजाराचा अभ्यास केला. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि त्यांची बाळे यांची त्यांनी पाहणी केली. गावातली बाळे जन्मताना सरासरी २.७ किलो वजनाची होती. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन गावची बाळे सरासरी ३.५ किलोची होती. आपली बाळे हातापायांनी बारीक होती. तरी त्यांच्या अंगावरची चरबी त्या मानाने कमी झालेली नव्हती.

डॉ. याज्ञिकांनी स्वतःचेही माप घेतले. इंग्लंडचे त्यांचे एक मित्र आहेत, डॉ. युडकिन. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे होते. पण अंगातली चरबी मोजली, तेव्हा युडकिन यांच्या अंगात शंभर भागांत ९ भाग निघाली आणि याज्ञिकांच्या अंगात २१ भाग! हे त्यांनी २००४ साली छापून प्रसिद्ध केले. म्हणजे वरून बारीक दिसणाऱ्या आपल्या माणसाच्या पोटातही चरबी लपलेली असू शकते.

मग ती ओळखायची कशी? त्याला वजनकाटाही लागत नाही. एक सुतळी घ्या. भिंतीला टेकून सरळ उभे राहा. डोक्यापासून टाचेपर्यंत सुतळी मोजा आणि तेवढीच कापा. आता ती दुमडून बरोबर अर्धी करा. ही अर्धी सुतळी बेंबीच्या पातळीवर पोटाभोवती गुंडाळा. श्वास रोखू नका. पोट आत ओढू नका. सुतळीची टोके जुळली, तर ठीक. टोके जुळली नाहीत, तर पोट उंचीच्या निम्म्याहून जास्त आहे. ही धोक्याची खूण समजा. आणि टेपने मोजायचे असेल, तर पुरुषाचा घेर ९० सेंटीमीटरच्या आणि बाईचा ८० सेंटीमीटरच्या आत असावा.

आमच्या वर्गात सगळ्यांनी सुतळी लावली. निम्म्याहून अधिक जणांची टोके जुळली नाहीत. तात्यांच्या सुतळीला तर वीतभर कमी पडली. त्या दिवशी कोणी हसले नाही.

चुलीजवळच्या काटक्या

आता कीटो म्हणजे काय, ते पाहू.

आपल्या चुलीजवळ काटक्या असतात. पडवीत मोठे ओंडके रचलेले असतात. काटक्या हाताशी आहेत, तोवर ओंडक्यांना कोणी हात लावत नाही. आपल्या शरीराचे असेच आहे. भात, भाकरी, पोळी, पोहे, बटाटा, गूळ, साखर या सगळ्यांची पोटात साखर होते. भाकरी गोड लागत नाही, तरी पोटात गेल्यावर तिची साखरच होते. ही साखर म्हणजे काटक्या. अंगावरची चरबी म्हणजे ओंडके.

शरीरात इन्सुलिन नावाचा रस तयार होतो. तो रक्तातली साखर उचलून मांसात नेऊन ठेवतो. मांसाचे कोठार भरले की उरलेल्या साखरेची चरबी होते. आपण दर दोन तासांनी काही ना काही तोंडात टाकतो. मग काटक्या संपतच नाहीत. ओंडके मात्र वाढत जातात. पुढे यकृतातही चरबी भरते. मग इन्सुलिनचा जोर चालेनासा होतो. साखर रक्तातच फिरत राहते. यालाच आपण साखरेचा आजार किंवा मधुमेह म्हणतो. भारतात असे १० कोटींहून अधिक रोगी आहेत, असे देशभरच्या पाहणीतून २०२३ साली छापून आले.

कीटो आहारात काटक्या जवळजवळ बंद करतात. धान्य, साखर, बटाटा, गोड फळे सोडतात. दोन-चार दिवसांत शरीर ओंडक्यांना हात घालते. यकृत चरबीपासून कीटोन नावाचे जळण तयार करते. म्हणून या आहाराचे नाव कीटो पडले. हा आहार वजनासाठी निघालाच नव्हता. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधले डॉ. रसेल वाइल्डर यांनी १९२१ साली तो फेफऱ्याच्या रोग्यांसाठी सुचवला. औषधाला दाद न देणाऱ्या फिट्सवर लहान मुलांना तो अजूनही देतात. मात्र डॉक्टरांच्या नजरेखालीच देतात.

या आहारात दिवसाला २० ते ५० ग्रॅम एवढीच साखर आणि पिष्ट चालते. आता आपला हिशेब करू. ज्वारीच्या एका भाकरीला सुमारे ५० ग्रॅम पीठ लागते. त्यात जवळजवळ ३५ ग्रॅम पिष्ट असते. भरलेल्या एका वाटी भातात साधारण तेवढेच. दोन चमचे साखरेचे चार चहा घेतले, तर पोटात ३५ ते ४० ग्रॅम साखर जाते. म्हणजे पूर्ण कीटो करायचे, तर दिवसात एक भाकरी खाल्ली की हिशेब संपला!

“मग आम्ही खायचं काय? आंबेमोहर पिकवायचा आणि नुसता वास घ्यायचा?” वर्गातली एक ताई म्हणाली. सगळे हसले. पण तिचे म्हणणे खरे होते.

सगळी भाकरी सोडावी का?

कीटोने वजन उतरते का? उतरते. पहिल्या आठवड्यात भराभर उतरते. पण त्यातले बरेचसे पाणी असते. मग हळूहळू चरबी उतरते. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत दुसऱ्या आहारांपेक्षा या आहाराने थोडे जास्त उतरते. पण वर्ष संपता संपता हा फरक फारसा उरत नाही. कारण सोपे आहे. वर्षभर असे जेवणे फार थोड्यांना जमते. लग्न येते, जत्रा येते, गणपती येतात. माणूस कंटाळतो आणि दुप्पट खातो. गेलेले वजन परत येते.

म्हणून आम्ही मधली वाट सांगतो. भाकरी सोडू नका, भाकरी मोजा. २०२५ साली देशभरच्या एका मोठ्या पाहणीत असे आढळले, की आपल्या लोकांना अन्नातून मिळणाऱ्या ताकदीच्या शंभर भागांपैकी ६२ भाग धान्य आणि साखर यांतून येतात. डाळ, अंडी, दूध, मासळी यांचा वाटा फारच थोडा आहे. तो वाटा वाढवायचा आहे आणि धान्याचा कमी करायचा आहे.

ताटाचे मनात चार भाग करा. दोन भाग भाजी. मेथी, शेपू, चाकवत, शेवग्याचा पाला, पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, भारंगी. या रानभाज्या आपल्या डोंगरात फुकट आहेत. वांगी, दोडका, गवार, कोबी चालतील. बटाटा मात्र भाजीत धरू नका, तो भातात धरा. तिसरा भाग डाळ, उसळ, अंडे, दही किंवा मासळी यांचा. पनीर आणि बदामच हवेत असे नाही. चवळी, पावटा, मटकी, घरच्या कोंबडीचे अंडे, घट्ट दही हे आपले पनीर. कडधान्यातही पिष्ट असते, पण ते सावकाश पचते. सुकट-बोंबील खात असाल तर आधी पाण्यात धुऊन मीठ काढा. चौथा भाग भाकरी किंवा भात. दोन्ही एका वेळी नकोत. भाकरी असेल त्या वेळी भात नको. भात असेल त्या वेळी भाकरी नको.

तीन भाकऱ्या खाणाऱ्याने एकदम एकीवर येऊ नये. पहिल्या पंधरवड्यात तीनाच्या दोन कराव्यात. दुसऱ्या पंधरवड्यात दोनाची दीड. चहातली साखर आठवड्याला अर्धा चमचा कमी करावी. जीभ महिन्याभरात शिकते.

तुपातेलाचे काय? कीटोवाले तूप भरपूर खायला सांगतात. पण एक ग्रॅम पिठात ४ कॅलरी असतात, तर एक ग्रॅम तेलात ९. कॅलरी म्हणजे अन्नातल्या ताकदीचे माप. भाकरी अर्धी केली आणि वर तुपाची धार धरली, तर हिशेब तोच राहिला. शेंगदाणे मूठभर ठीक, पसाभर नकोत.

आणखी एक गोष्ट. महाराष्ट्रात नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांनी खाण्याच्या वेळा कमी करण्याचा विचार मांडला. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी तो पुढे गावोगाव सांगितला. दिवसातून दोनदाच जेवा, मधे काही खाऊ नका आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला, असे त्यांचे सांगणे आहे. हा कीटो नव्हे. पण काटक्या सारख्या टाकत राहू नका, हा धागा दोन्हींत आहे. मात्र उपास म्हणजे कमी साखर असे समजू नका. एकादशी आणि दुप्पट खाशी, ही म्हण उगाच पडली नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. रताळे, वरीचा भात, बटाट्याचा कीस, केळे हेही त्याच घरातले.

हे आधी वाचा, मग सुरू करा

इथे तात्यांची चूक समजून घेऊ. साखरेच्या काही गोळ्या आणि इन्सुलिनचे इंजेक्शन रक्तातली साखर खाली ओढतात. त्यांचे माप रोजच्या भाकरीवर ठरवलेले असते. भाकरी सोडली आणि गोळी तेवढीच राहिली, तर साखर फार खाली जाते. वर उपाशीपोटी पळाले, की आणखी खाली जाते. हातपाय कापणे, घाम सुटणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, बडबडणे ही त्याची लक्षणे. अशा वेळी माणूस शुद्धीवर असेल, तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून लगेच द्यावी. गूळही चालेल. माणूस बेशुद्ध असेल, तर तोंडात काही घालू नये. त्याला कुशीवर निजवावे आणि १०८ नंबरला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी.

साखरेच्या काही नव्या गोळ्या जास्तीची साखर लघवीवाटे बाहेर काढतात. त्या चालू असताना धान्य एकदम तोडले, तर रक्तात आम्ल चढते. उलट्या होतात, धाप लागते, जीव जाऊ शकतो. आणि अशा वेळी तपासणीत साखर फार वाढलेली दिसेलच असे नाही. म्हणून आपली गोळी कोणत्या जातीची आहे, ते डॉक्टरांना विचारावे. गोळ्यांचे पाकीट बरोबर न्यावे.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी कीटो करू नये. वाढत्या मुलांनी करू नये. मूत्रपिंड किंवा यकृत बिघडलेल्यांनी करू नये. लहानपणापासून इन्सुलिन घेणाऱ्यांनी मनाने काहीही बदलू नये. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांनीही आधी डॉक्टरांना सांगावे. वजन उतरू लागले की तीच गोळी जास्त होते आणि उठताना चक्कर येते. गोळी स्वतःहून बंद मात्र कोणीच करू नये.

जलद चाल, सावकाश चाल

आता पुतण्याच्या दुसऱ्या गोष्टीकडे वळू. जोरात पळायचे, थांबायचे, पुन्हा जोरात पळायचे. यात तथ्य आहे. पण बसून राहिलेल्या माणसाने पहिल्या दिवशी पळू नये. त्याच्यासाठी याहून सोपा रस्ता आहे.

जपानमध्ये डोंगरांच्या मधोमध मात्सुमोतो नावाचे शहर आहे. तिथल्या विद्यापीठातले हिरोशी नोसे आणि त्यांचे सहकारी यांनी उतारवयाच्या माणसांना चालायला लावले. तीन मिनिटे जलद, तीन मिनिटे सावकाश, अशा पाच फेऱ्या. म्हणजे सारी ३० मिनिटे. आठवड्यातून चार दिवस. असे पाच महिने केले. त्याचा निकाल २००७ साली छापून आला. या माणसांच्या मांड्यांचे बळ वाढले. दम वाढला. रक्तदाब खाली आला. नुसते सावकाश चालणाऱ्यांना एवढा लाभ झाला नाही.

जलद म्हणजे किती जलद? एसटी सुटत आली आहे आणि आपल्याला ती धरायची आहे, तेवढे जलद. चालताना तुटक बोलता यावे, पण ओवी म्हणता येऊ नये. सावकाश म्हणजे देवळातून घरी येताना चालतो तसे. घड्याळ नसेल, तर एकदा कोणाच्या तरी मोबाइलवर तीन मिनिटे लावून घ्या. तेवढ्यात विजेचे किती खांब मागे पडतात, ते मोजा. मग रोज खांबांवरच चाला.

अगदीच सवय नसेल, तर पहिले दोन आठवडे रोज २० मिनिटे साधेच चाला. पुढचे दोन आठवडे एक मिनिट जलद आणि तीन मिनिटे सावकाश चाला. मग दोन मिनिटे, मग तीन. चढ असेल तर वेग कमी ठेवा. चढच आपले काम करतो. गुडघे दुखत असतील, तर सपाट वाट धरा. चप्पल-बूट घालूनच चाला. साखर असणाऱ्याने रात्री तळपाय पाहावेत. पाय बधिर असले, तर काटा रुतलेला कळत नाही. रस्त्याने चालताना समोरून येणाऱ्या गाडीकडे तोंड ठेवावे.

पावसात काय करायचे? आपल्याकडे पाऊस चार महिने कोसळतो. मग घरातच ओट्यावर किंवा खुर्चीवर बसा आणि हात न टेकता उठा. एक मिनिट बस-ऊठ, एक मिनिट विसावा. असे दहा वेळा करा. सुरुवातीला पाच वेळा पुरे.

छातीत दाब वाटला, डावा हात किंवा जबडा दुखू लागला, चक्कर आली किंवा दम अजिबात आवरेना, तर तिथेच थांबा आणि दवाखाना गाठा. “पित्त असेल,” म्हणून घरी झोपू नका. ज्यांना आधीच हृदयाचा आजार आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारूनच जलद चालावे.

दोन्ही एकत्र कशासाठी?

कोणी म्हणेल, “मी चालतो, मग पोटभर खायला काय हरकत?” अर्धा तास चालून जेवढे जळते, तेवढे चहा आणि चार-पाच बिस्किटांत परत येते. वजन उतरवण्याचे मोठे काम ताटच करते.

दुसरा म्हणेल, “मी कमी खातो, मग चालायचं कशाला?” नुसते कमी खाल्ले, तर चरबीबरोबर मांसही झडते. मांस हे साखरेचे कोठार आहे. कोठार लहान झाले, तर पुढे थोडी साखरही रक्तात उतू जाते. जलद चाल मांस राखते. चालताना स्नायू रक्तातली साखर थेट ओढून घेतात. म्हणून जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे फिरणेही मोलाचे आहे. ताट चरबी उतरवते आणि चाल बळ राखते. बैलजोडीतला एकच बैल जुंपला, तर औत सरळ चालत नाही.

मात्र दोन्ही एकाच दिवशी सुरू करू नका. पहिले दोन आठवडे ताट सुधारा आणि साधे चाला. जलद चाल नंतर. तात्यांनी तिन्ही गोष्टी एकदम केल्या. भाकरी तोडली, उपाशी राहिले आणि चढावर पळाले.

ताट कोणाच्या हाती?

भोरच्या वर्गाला शिलाईकाम करणाऱ्या एक ताई येतात. त्या दिवसभर यंत्रावर बसतात. त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती आम्ही विसरलो नाही. “मी जेवते कमीच हो. पण सगळ्यांचं झालं की पातेल्यात भात उरतो. टाकवत नाही. तो मीच खाते. उसळ मात्र तोवर संपलेली असते.”

वर्गातल्या कितीतरी बाया यावर गप्प झाल्या. घरोघरी हेच घडते. पुरुषाच्या ताटात उसळ, बाईच्या ताटात उरलेला भात. मग तिचे पोट वाढते आणि अंगात रक्त मात्र राहत नाही. म्हणून हा धडा घरातल्या सगळ्यांनी ऐकावा. उसळीचे वाटे आधी करावेत आणि बाईचा वाटा बाजूला काढावा. भात मापाने शिजवावा. आणि बाईला चालायला अर्धा तास मिळावा. तेवढ्या वेळात चहा दुसऱ्याने टाकला, तर काही बिघडत नाही.

तात्यांचे पुढे काय झाले?

काकूंनी तात्यांना तालुक्याच्या डॉक्टरांकडे नेले. गोळ्यांचे पाकीट बरोबर होते. डॉक्टरांनी सगळे ऐकून घेतले. रक्त तपासले. गोळीचे माप कमी केले आणि दर पंधरा दिवसांनी यायला सांगितले. काकूंनी तिनाच्या दोन भाकऱ्या केल्या, दोनाची दीड केली. वाटीभर उसळ वाढवली. चहा दोनवर आला. तात्या संध्याकाळी चालू लागले. पहिल्या महिन्यात एका खांबापर्यंत जलद गेले की धाप लागे. आता पाच खांब जातात.

सहा महिन्यांत तात्यांचे वजन पुतण्याएवढे उतरले नाही. पाच किलो उतरले. वीतभर कमी पडणारी सुतळी आता चार बोटे कमी पडते. गोळी अजून आहे, पण लहान आहे. आणि परवा वर्ग सुटल्यावर तात्या मांडी मोडून उठले, ते कोणाचा हात न धरता. कोणी काही बोलले नाही. काकूंनी मात्र पाहिले.

उजळणी

१. तात्यांना घाम आणि कापरे का सुटले? गुळाने बरे का वाटले?
२. साबुदाण्याची खिचडी काटक्यांत धरायची की ओंडक्यांत?
३. साखरेची गोळी घेणाऱ्याने भाकरी कमी करण्याआधी काय करावे?
४. जलद चाल पुरेशी जलद आहे, हे घड्याळाशिवाय कसे ओळखाल?
५. घरातल्या प्रत्येकाची सुतळी मोजा. नाव आणि तारीख लिहून सुतळी खुंटीला अडकवा. तीन महिन्यांनी पुन्हा मोजा.
६. पुढचे वाक्य पाटीवर सुवाच्य अक्षरात लिहा: भाकरी मोजू, भाजी वाढवू, रोज चालू, गोळी विचारून बदलू.